मुकी बांधी

धानाच्या चुडाला बुंध्याशी धरून मी तिसऱ्यांदा झटका दिला आणि खालच्या पाण्याकडे बघत राहिले. काहीही पडलं नाही.

चूड म्हणजे एकत्र लावलेल्या धानाच्या रोपांचा झुपका. तो झटकला की आत दडलेले किडे टपटप पाण्यावर पडतात. ते मोजणं हे माझं काम. कृषी खात्याच्या कीड सर्वेक्षणात मी कंत्राटावर होते. गोष्ट दोन हजार दहाच्या आसपासची. देवरी तालुक्यातली, चिचगडच्या बाजूची काही गावं माझ्याकडे होती. प्रत्येक गावात ठरलेल्या बांध्या असायच्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेलं धानाचं शेत. दर आठवड्याला तिथं जायचं आणि तुडतुडे किती, खोडकिडा किती, लष्करी अळी किती, ते साहेबांना कळवायचं. मी मूळची अमरावतीची. कापूस बघत वाढले. धानाच्या चिखलात पाय घालताना सुरुवातीची दोन वर्षं मी रोज स्वतःला शिव्या दिल्या.

ऑक्टोबर संपत आला होता. या दिवसांत तुडतुडे नसणं ही चांगली बातमी. पण त्या बांधीत कोळीही नव्हते. कोळी तुडतुड्यांना खातो, म्हणून आमच्या भाषेत तो मित्रकीटक. तो तर चुडाचुडात हवा. चतुर नव्हते. धुऱ्यावरून चालताना दोन्ही बाजूंनी बेडूक डुबुक डुबुक उड्या मारतात, ते नव्हते. शेजारच्या बांधीत बगळे उभे होते, या बांधीत एकही नाही. मी घामाघूम झाले होते आणि माझ्या तोंडावर एक चिलट येईना. एरवी ही चिलटं जीव नकोसा करतात. त्या दिवशी एखादं तरी यावं असं वाटायला लागलं.

धुऱ्याच्या टोकाला मोबाइलला रेंज मिळायची. तिथून साहेबांना फोन लावला.

"सर, तुळशीरामच्या बांधीत काहीच नाही."

"शून्य? अरे वा. छान."

"सर, काहीच नाही म्हणजे काहीच नाही. कोळी नाही, बेडूक नाही."

"बेडकाचा कॉलम आहे का आपल्याकडे?"

"नाही सर."

"मग? पुढच्या प्लॉटला जा."

साहेब वाईट नव्हते. त्यांच्याकडे काम डोक्यावरून चाललेलं होतं. पण सगळं छान आहे असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, हा माझा जुना आजार आहे. मी पुढच्या प्लॉटला गेले नाही.

तुळशीरामची ही बांधी त्या शिवारात सगळ्यांत सखल. तिच्या वरच्या धुऱ्याला लागून रेताड, ओलसर असा पडीक तुकडा होता आणि त्यात एक ढोडी होती. ढोडी म्हणजे जमिनीतून पाझरणारं पाणी साठावं म्हणून केलेला हातभर खोल खड्डा. शेतावर राबणारी माणसं हेच पाणी पितात. गोड असतं. बाजूलाच गवताची खोपडी होती. धान फुलोऱ्यावर आलं की रानडुकरांपासून ते राखायला तुळशीरामची म्हातारी आई सगुणाबाई तिथंच मुक्काम करायची, थेट कापणीपर्यंत.

ढोडीच्या भोवती ओल्या रेतीत दवबिंदू नावाचं झाड उगवतं. झाड कसलं, नाण्याएवढी तांबडी चकती, जमिनीला चिकटलेली. पानावर बारीक केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. दव समजून चिलट बसतं आणि अडकतं. मग केस हळूहळू आत वळतात आणि पान त्या चिलटाला जिरवून टाकतं. असल्या कस नसलेल्या रेतीत जमिनीतून काही मिळत नाही, म्हणून ही झाडं किडे खातात. सगुणाबाई त्यांना 'चिकट्या' म्हणायची. तिथं कुणाचं तरी रक्त सांडलंय असं तिचं म्हणणं होतं, आणि ती कुणाला त्यांच्यावर पाय देऊ द्यायची नाही. मला ती झाडं फार आवडायची. डबा खाऊन झाला की मी भिंग घेऊन तिथं उकिडवी बसायची. आमचा ड्रायव्हर रज्जू गोंदियाचा. तो जीपमधून ओरडायचा, "मॅडम, घास में क्या मिलता है आपको?"

गेल्या आठवड्यात एकेका पानावर चिलटांची दाटी होती. आता भिंग लावलं तर बाहेरच्या जुन्या पानांवर तीच चिलटं, वाळलेली. आतली नवी पानं कोरी. थेंब टवटवीत, केस ताठ उभे, अडकलेलं काही नाही. त्या तुकड्यावर आठवडाभरात काही उडालंच नव्हतं. हजारभर तांबडी तोंडं उघडी होती आणि उपाशी होती. मी पटकन उठले.

उठताना ढोंड्या दिसला. ढोंड्या हा पाण्यातला बिनविषारी साप, बेडूक-मासे खाऊन राहणारा. ढोडीतून पाणी वाहून बांधीत जायची जी चारी होती, तिच्यात तो पोट वर करून पडला होता. मेलेला. आणि दोन पावलांवर, खोपडीकडे जाणाऱ्या वाटेवर, दुसरा साप होता.

पट्टेरी मण्यार. अंगावर काळे-पिवळे रुंद पट्टे, पाठ घराच्या आढ्यासारखी मधोमध उंच, शेपूट बोथट, तोडल्यासारखं. विष जहाल, पण स्वभाव मवाळ. तो रात्री निघतो आणि दुसरे साप खातो. दिवसा सापडलाच तर वेटोळ्यात डोकं खुपसून गप पडून राहतो. त्या दिवशी मात्र तो भर उन्हात उघड्यावर होता. त्याच्या तोंडात आणखी एक ढोंड्या होता, अर्धा आत गेलेला. दोघंही हलत नव्हते.

मी तिथंच थांबले. मग पट्टेरी सापाच्या कातडीखालून एक थरथर निघाली, मानेपासून शेपटापर्यंत गेली, आणि परत पहिल्यापासून सुरू झाली. तो ढोंड्याला हळूहळू बाहेर टाकत होता. टाकून झालं तरी त्याचं तोंड मिटलं नाही. मी जवळ होते, माझी सावली त्याच्यावर पडली होती, आणि त्यानं डोकं लपवलं नाही. लपायचं विसरलेला साप मी त्याआधी पाहिला नव्हता. मला भीती वाटली. सापाची नाही, त्या जागी उभं राहण्याची.

तेवढ्यात खोपडीतून तुळशीरामची बायको रमशीला धावत आली.

"मॅडम, चाला जी लवकर. बुढीले पान लागला."

चावलेलं माणूस समोर असताना साप चावला असं आमच्याकडे खेड्यात कुणी तोंडानं बोलत नाही. पान लागलं म्हणतात.

खोपडीत सगुणाबाई चटईवर पडली होती. तोंडातून लाळेची धार, लुगडं घामानं चिंब. गालाचे स्नायू आपोआप उडत होते. कातडीखालची ती थरथर मी आत्ताच पाहून आले होते. तुळशीराम तिच्या पायाशी बसला होता. पायाला त्यानं दोरी आवळली होती.

"काल सांजपासून वांत्या करून राहिली. आता पाहतो तं अशी," तो म्हणाला. "साप तं वाटेवरच पडून हाये. तुमी पाह्यले ना?"

"पाहिला. आधी ती दोरी सोड. जीपमध्ये घाल हिला."

"बैग्याले बलावतो जी पहिले. तो मंत्रानं जहर उतरवते."

"बैगा जीपमध्ये मावत असेल तर त्यालाही घे. पण जीप देवरीला जाते."

रज्जूनं तोवर मागचं फाळकं उघडलं होतं. "तुळशी भाऊ, पहले डॉक्टर, बाकी सब बाद में," असं म्हणून त्यानं म्हातारीला लहान पोरीसारखं उचललं. रमशीला खोपडीवर थांबली, कारण शेजारच्या बांधीत त्या दिवशी कापणी लागणार होती आणि बायांचं दुपारचं चहापाणी तिच्याकडे होतं.

जीपमध्ये म्हातारीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिची पापणी वर केली. आत सावली होती. सावलीत डोळ्यातली बाहुली मोठी व्हायला हवी. सगुणाबाईची टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. कीटकनाशकाची विषबाधा आम्हाला प्रशिक्षणात शिकवली होती. लाळ, घाम, स्नायू उडणं आणि ही एवढीशी बाहुली.

"तुळशीराम, फवारणी कधी केलीस?"

"नाही जी. यंदा एकही फवारा नाही मारलो."

"नीट आठव."

"मायची शप्पत, नाही मारलो."

ती माय माझ्या मांडीवर होती. तो खोटं बोलत नव्हता, हे मला दिसत होतं.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, डोळे जागरणानं तांबारलेले. त्यांनी म्हातारीला तपासलं, दोन्ही पाय बघितले, दाताची खूण सापडली नाही. मण्यारीची खूण बरेचदा दिसतही नाही, असं ते म्हणाले. मग मला बाजूला घेतलं.

"मण्यार चावली तरी लाळ गळते, कारण पेशंटला गिळता येत नाही. पण हा घाम आणि या बाहुल्या मला पटत नाहीत. फवारणी?"

"नाही म्हणतोय. आणि खरं बोलतोय."

"घरात काही भांडण? बाईंनी स्वतःच काही घेतलं असेल?"

तुळशीरामनं ते ऐकलं. "माय कायले जहर खाईन जी?" तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"साप प्रत्यक्ष कुणी पाहिला?"

"मी पाहिला. पट्टेरी मण्यार आहे. पण डॉक्टर, तो सापच आजारी आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मी अजून विसरलेले नाही. मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. बांधीत कोळी नाही, बेडूक नाही. दवबिंदूच्या नव्या पानांवर एक चिलट नाही. ढोंड्या मेलेला, आणि मण्यार या बाईसारखीच थरथरतेय.

"साप चावून बाई आजारी पडेल," मी म्हटलं. "साप कशानं आजारी पडला? आणि चिलटांना कोण चावलं?"

मला एकदम माझ्याच आधीच्या प्रश्नाचा राग आला. फवारणी केली का, फवारणी केली का, हाच प्रश्न आम्ही दोघं विचारत होतो. मी तुळशीरामला खांद्याला धरून वळवलं.

"फवारणी सोड. धानही सोड. कोणतंही औषध, कुठंही, कशासाठीही टाकलंस का?"

"औषध तं टाकलो ना जी," तो म्हणाला. "पण धानाले नाही. सापासाठी."

"कुठे?"

"खोपडीच्या भोवताल. अन् ढोडीच्या काठानं. माय पाहाटे अंधारात तिथं जाते तोंड धुवाले. पट्टेवाला साप मले तिथंच दिसला होता. घरी चाल म्हणलो तं आयके नाही. दाणेदार औषधाच्या वासानं साप येत नाही म्हणतेत. घरी होता तेवढा सारा टाकून देलो."

हे दाणेदार औषध म्हणजे रेतीसारखं करडं विष. खोडकिड्यासाठी ते चिखलात मिसळायचं असतं. पाण्यात उतरलं की त्या पाण्यातलं काही जगत नाही. त्याला उग्र वास असतो, पण त्या दिवसांत सगळ्या शिवाराला औषधाचा वास असतो, माझंही नाक मेलेलं होतं. आणि सगुणाबाई पहाटे उठून आधी गुडाखू घासायची. गुडाखू म्हणजे तंबाखूची ओली मिसरी. तिनं तोंड इतकं चुरचुरतं की नंतर पाण्याची चव कळणार कुठून? त्याच ढोडीच्या पाण्यानं ती चूळ भरत होती, तेच दिवसभर पीत होती. साप मायला चावू नये म्हणून पोरानं मायच्या पाण्यात विष घातलं होतं.

डॉक्टर तोवर आत गेले होते. "ॲट्रोपिन काढा," असं त्यांनी सिस्टरला सांगितलेलं ऐकू आलं. त्या विषावरचं औषध ते. दारातून त्यांनी परत डोकं बाहेर काढलं.

"ते पाणी आणखी कोण पितं?"

"रमशीला," तुळशीराम म्हणाला, "अन् आज कापणीच्या बाया."

खोपडीवर रेंज नव्हती. तुळशीरामला आईपाशी ठेवून रज्जू आणि मी परत निघालो. आम्ही पोचलो तेव्हा कापणीच्या बाया धुऱ्यावर सावलीत बसल्या होत्या आणि फडक्यातल्या भाकरी सोडत होत्या. रमशीला पाण्याचा गुंड कमरेवर घेऊन त्यांच्याकडे चालली होती.

"रमशीला, पाणी कुठलं?"

"ढोडीचा जी."

"कुणी प्यालं?"

"आता वाढूनच राहिली."

मी गुंड हिसकावला आणि जमिनीवर उलटा केला. बाया माझ्याकडे बघत राहिल्या. त्यातली एक म्हणाली, "इतका निर्मळ पाणी काऊन सांडली जी?"

तिचं खरं होतं. मी ढोडीपाशी गेले. पूर्वी त्यात बेडकाची पिल्लं असायची, पाणकिडे वळवळायचे, काठाला शेवाळ धरलेलं असायचं. आता तळाची रेती कण न् कण दिसत होती. इतकं स्वच्छ पाणी मी त्या जिल्ह्यात कुठं पाहिलं नव्हतं. रज्जूनं काटेरी फांद्या तोडून आणल्या आणि आम्ही ढोडी बुजवून टाकली. हाताला फडकं गुंडाळून काठावरचे उरलेसुरले दाणे मातीसकट भरले. मग मी बायांना सगळं सांगितलं. सगळ्यांनी भाकरी परत बांधल्या.

मण्यार वाटेवरच मेली होती. दोन्ही ढोंडेही होते तिथंच. एव्हाना त्यांना मुंग्या लागायला हव्या होत्या. एकही मुंगी नव्हती.

सगुणाबाई वाचली. डॉक्टरांनी दोन रात्री तिच्या खाटेजवळ काढल्या. आठवड्याभरात ती घरी आली, आणि गावात वेगळीच हवा झाली. पट्टेवाला साप डसूनही बुढी जगली म्हणून बाया तिच्या पाया पडायला येऊ लागल्या. तिला कुणी खरं सांगितलेलं नव्हतं.

तुळशीराम मला धुऱ्यावर गाठून म्हणाला, "मॅडम, साप डसला असाच राहू द्या जी. मायले माहीत झाला तं मी तिच्याकडे पाहू नाही शकणार."

मला त्याची दया आली. हो म्हणावंसं वाटलं, अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण त्याच दिवशी सकाळी मी दुसऱ्या एका ढोडीच्या काठावर तेच करडे दाणे पाहिले होते. बुढीला साप डसल्याचं ऐकून लोक घाबरले होते. जो तो सापासाठी दाणे टाकत सुटला होता.

"तू नाही सांगितलंस तर मी सांगेन," मी म्हटलं. "आणि मला गोड बोलता येत नाही."

त्या आठवड्यात गावात आमची शेतीशाळा होती. शेतीशाळा म्हणजे शेतकऱ्यांना शेतातच बसवून कीड ओळखायला शिकवायचं. मोहाच्या झाडाखाली सगळे जमले. सगुणाबाईसुद्धा आली, तिला आता पुढची जागा मिळत होती. साहेबही आले होते. मी तुडतुड्यांचं बोलायला उठले, तर माझ्याआधी तुळशीराम उभा राहिला.

"मायले साप नाही डसला," तो म्हणाला. "मी ढोडीच्या भोवताल औषध टाकलो होतो. तोच पाणी मायनं पेली."

एवढंच बोलला आणि उभाच राहिला. बसायचं त्याला सुचेना. सगुणाबाई त्याच्याकडे बघत होती.

"मंग हे मले घरी काऊन नाही सांगतला?" ती म्हणाली. "इतक्या लोकांत मायले रडवतेस?" मग तिनं त्याचा सदरा धरून त्याला खाली, आपल्या बाजूला बसवलं, आणि हात काही सोडला नाही.

साहेबांनी मला हळूच विचारलं, "आता?" मी त्यांना म्हटलं, थांबा. मागून एक माणूस उठला. "मी बी टाकलो," तो म्हणाला, "ढोडीले." दुसऱ्यानं सांगितलं, धानाच्या कोठीत, सोंड्यासाठी. तिसऱ्यानं खाटेच्या भोकांत टाकलं होतं, ढेकणांसाठी. त्या खाटेवर त्याचा बाप झोपत होता आणि बापाला हल्ली फार घाम येत होता. एकेक जण सांगत गेला. आधीच्यानं सांगितलं म्हणून पुढच्याला धीर येत होता. माझ्या हातातला खडू तसाच राहिला. इतकी वर्षं आम्ही या लोकांना एकरी किती औषध टाकलं हे विचारत होतो. कुठे टाकलं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

शेवटी एक बाई उभी राहिली. पदर तोंडात धरून बोलत होती, म्हणून मी तिला परत सांगायला लावलं.

"पोरीच्या डोक्यात जी. उवा झाल्या होत्या. सकाळीच लावली."

शेतीशाळा तिथंच मोडली. साहेब सगळ्यांत आधी पळाले, त्या बाईच्या घराकडे.